नेग्रोस ओरिएंटलच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर: "लोकच विकले जातात" म्हणून विषय संपत नाही

नमस्कार सर,

तुमची कॉमेंट नीट वाचली. उत्तर खाली चौकटीत मावेना म्हणून इथे वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: मागच्या लेखात मी फिलिपिन्समधल्या नेग्रोस ओरिएंटल प्रांतातल्या निवडणुकांबद्दल लिहिलं होतं, त्यावर सरांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, २०२२ साली गव्हर्नरपदासाठी ज्याला जास्त मतं पडली त्याला निवडणूक आयोगाने खाली उतरवलं, आणि मी ते एका वाक्यात उरकलं. दुसरा, तिथले लोक पाचशे पेसो घेऊन मत देतात, मग घराण्यांना कशाला बोलायचं, दोष लोकांचाच. तिसरा, आपल्याकडे झेडपीत काय चाललंय ते सोडून मी कुठल्या बेटावरचं काय लिहीत बसलेय. तुम्ही स्वतः शिक्षक म्हणून कितीतरी निवडणुकांची ड्यूटी केलीत असं लिहिलंय, त्यामुळे तुमच्याशी बूथवरच्या भाषेत बोलता येईल.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर विचारलंत, तिथे जास्त लिहायला हवं. ९ मे २०२२ चं मतदान. प्राइड हेन्री तेवेस यांना ३,०१,३१९ मतं, तेव्हाचे गव्हर्नर रोएल देगामो यांना २,८१,७७३. एवढंच बघितलं तर निकाल स्पष्ट आहे आणि तुमचं म्हणणं खरं वाटतं. पण त्याच मतपत्रिकेवर तिसरं एक नाव होतं, रुएल देगामो, आणि त्याला जवळपास ५० हजार मतं पडली. या माणसाचं मूळ नाव पूर्ण वेगळं होतं, प्रचार म्हणावा असा त्याने काही केला नव्हता. रोएल आणि रुएल, इंग्रजीत एका अक्षराचा फरक, बोलताना तोही कळत नाही.

आता ती मतपत्रिका डोळ्यासमोर आणा. तिथे सगळ्या निवडणुका एकाच दिवशी एकाच लांबलचक कागदावर होतात, त्या वर्षी त्यावर राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, १२ सिनेटर, पार्टी लिस्ट, काँग्रेसचा (म्हणजे तिथल्या संसदेचा) खासदार, गव्हर्नर, व्हाइस गव्हर्नर, प्रांतिक बोर्डाचे मेंबर, मेयर, व्हाइस मेयर आणि कौन्सिलर एवढं सगळं होतं, आणि प्रत्येकासमोरचा छोटा अंडाकृती गोळा पेनाने भरायचा, मग तो कागद मशीनमध्ये घालायचा. निशाणी नाही, फोटो नाही, आडनावाच्या क्रमाने बारीक अक्षरात नावं. तीसेक गोळे भरत जाणाऱ्या साठीच्या बाईचं पेन वरच्या देगामोवर थांबलं की खालच्या, हे ती बाहेर आल्यावर स्वतःही सांगू शकणार नाही.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांच्या वर मतं होती. आपल्याकडे ती मतं तशीच वाया गेली. फिलिपिन्सच्या निवडणूक कायद्यात मात्र अशा उमेदवाराला 'न्युइसन्स कँडिडेट' ठरवायची सोय आहे, म्हणजे जो फक्त गोंधळ घालायला किंवा नामसाधर्म्याचा फायदा घ्यायला उभा राहिलाय. आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने आधीच्या निकालांत असंही ठरवून दिलंय की असा उमेदवार बाद झाला की त्याची मतं त्याच नावाच्या खऱ्या उमेदवाराला मिळतात, कारण मतदाराच्या मनात तोच होता. त्या हिशोबाने देगामोंची बेरीज ३ लाख ३० हजारांच्या वर जाते. कोमेलेकने, म्हणजे त्यांच्या निवडणूक आयोगाने, हेच केलं. तेव्हा जास्त मतांच्या माणसाला उतरवलं असं नाही, मतं कोणाची हे ठरवलं. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

पण तुमच्या आक्षेपातला एक भाग मी मनापासून मानते, तो वेळेचा. रुएलविरुद्ध तक्रार मतदानाच्या खूप आधी गेली होती. तरी त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलं गेलं, मतदान झालं, तेवेस यांना विजयी घोषित केलं, त्यांनी शपथ घेतली, काम सुरू केलं, आणि पूर्ण आयोगाचा निर्णय सप्टेंबरात आला. ऑक्टोबरात देगामो खुर्चीत बसले. सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं १४ फेब्रुवारी २०२३ ला. मधले नऊ महिने प्रांतात दोन गट, दोन्हीकडचे लोक आपलाच माणूस गव्हर्नर म्हणून बोलतायत, आणि ज्या ठिकाणी बंदुका सहज मिळतात तिथे अशी नऊ महिन्यांची अनिश्चितता किती जड जाते याचा विचार वकिलांनी आणि आयोगाने केला नाही याचा मला राग आहे. ४ मार्च २०२३ ला पाम्प्लोना गावात देगामो आपल्या घरी गरीब कुटुंबांना मदत वाटत होते, तेव्हा लष्करी कपड्यातली माणसं आली आणि गोळ्या झाडल्या. देगामोंसकट जे मेले त्यातले बरेचसे मदत घ्यायला रांगेत बसलेले साधे लोक होते. प्राइड हेन्री यांचे भाऊ, तेव्हाचे खासदार अर्नॉल्फो तेवेस यांच्यावर कट रचल्याचा आरोप आहे, ते तो नाकारतात; २०२४ ला ते पूर्व तिमोरमध्ये सापडले आणि मे २०२५ मध्ये त्यांना मनिलाला परत आणलं. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. मी एवढंच म्हणते की हा सगळा प्रसंग "लोकांनी पाचशे पेसो घेतले" या वाक्यात कुठेच बसत नाही.

देगामो धुतल्या तांदळासारखे होते असंही मी म्हणत नाही. ओम्बुड्समनने, म्हणजे तिथल्या लोकायुक्तासारख्या यंत्रणेने, त्यांच्यावर बडतर्फीची कारवाई केली होती. ते मुळात गव्हर्नर झाले तेही २०११ मध्ये वरच्या लोकांच्या मृत्यूमुळे, कारण तिथे गव्हर्नर गेला की व्हाइस गव्हर्नर वर जातो आणि त्याच्या जागी बोर्डातला सगळ्यात वरच्या क्रमांकाचा मेंबर येतो. २०२३ मध्ये पुन्हा तेच झालं. देगामोंनंतर व्हाइस गव्हर्नर गुइदो रेयेस गव्हर्नर झाले, ते मे महिन्याच्या शेवटी वारले, मग बोर्डातून वर आलेले मॅन्युएल 'चाको' सागारबारिया. जुलै २०२२ पासून वर्ष पूर्ण व्हायच्या आत चार गव्हर्नर. प्रांतिक बोर्डाच्या मेंबरची निवडणूक कुणी फारशी मनावर घेत नाही, पण तोच माणूस उद्या प्रांत चालवू शकतो.

आता दुसरा मुद्दा, लोक पैसे घेतात. घेतात, हे मी नाकारत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात, नमुना मतपत्रिकेला नोट टाचून देतात, हल्ली मोबाइल वॉलेटवरही येतात. पण सर, तिथल्या गव्हर्नर-मेयरच्या हातात काय काय असतं ते बघा. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, लोकांतून थेट निवडून येतो, आणि त्याच्या शेजारी कलेक्टर किंवा सीईओ असा कुणी बाहेरून आलेला आयएएस अधिकारी नसतो. १९९१ च्या लोकल गव्हर्न्मेंट कोडने प्रांतिक हॉस्पिटलं गव्हर्नरच्या ताब्यात दिली. वाळू-खडीच्या छोट्या खाणींचे परवाने त्याच्या सहीने. केंद्राच्या करातला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो आणि त्यातला २३ टक्के प्रांतांना. कंत्राटी नोकऱ्या, ज्या दर सहा महिन्यांनी रिन्यू होतात, त्या वेगळ्याच.

मी दुमागेतेत, म्हणजे या प्रांताच्या राजधानीत, राहत होते तेव्हा शेजारच्या बाईंच्या भावाचं डायलिसिस चालू होतं. सरकारी मदतीचा फंड होता, हक्काचा, पण तो मिळवायला लागायचं 'गॅरंटी लेटर', म्हणजे एखाद्या निवडून आलेल्या माणसाच्या ऑफिसने हॉस्पिटलला लिहून द्यायचं की याच्या बिलाचं आम्ही बघतो. त्यासाठी पहाटे नंबर लावायचा, बारांगाय (गाव किंवा वॉर्ड, तिथलं सगळ्यात खालचं शासन) कॅप्टनकडून गरिबीचा दाखला आणायचा, आणि तो कॅप्टन कोणत्या गटाचा हे सगळ्या गल्लीला माहीत. बाई अगदी शहाण्या, सगळ्या भानगडी त्यांना पाठ, वर्तमानपत्र रोज वाचायच्या. त्या विरोधातल्या उमेदवाराला मत देतील का? मनातून दिलंही असेल, पण उघडपणे त्याच्या सभेला गेल्या नाहीत, घरावर त्याचं पोस्टर लागू दिलं नाही, आणि पाकीट आलं तेव्हा परत केलं नाही, कारण परत करणं म्हणजे मी तुमची नाही असं जाहीर करणं. भावाचं पुढच्या महिन्याचं पत्र कुठून आणायचं मग? त्या पाचशेला मताची किंमत म्हणणं मला पटत नाही, सर, ती हजेरी होती, तुमच्या यादीत आमचं नाव आहे ना एवढं विचारणारी.

कायदाही असा आहे की मत विकत घेणारा आणि विकणारा दोघंही गुन्हेगार, एक ते सहा वर्षं तुरुंग. स्वतःहून पुढे येऊन साक्ष देणाऱ्याला माफी आहे, पण ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तोच हॉस्पिटल चालवतो म्हटल्यावर कोण जाईल हो? आणि याच दुमागेतेत २०२१ मध्ये समुद्रात १७४ हेक्टर भराव टाकायची योजना आली तेव्हा सिलिमन युनिव्हर्सिटीचे शास्त्रज्ञ, मासेमार, विद्यार्थी, सगळे उठले होते. तेच लोक, तेच मतदार. विकलेली माणसं असं करत नाहीत.

घराण्यांचं म्हणाल तर १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराण्यांवर बंदीचं वाक्य आहे, पण "कायद्याने ठरवल्याप्रमाणे" अशी शेपटी लावून. तो कायदा करायचा काँग्रेसने, आणि काँग्रेसमध्ये घराणीच बसलेली, त्यामुळे इतकी वर्षं गेली तरी झाला नाही. फक्त तरुणांच्या काउन्सिलसाठी, सांगुनियांग काबाताआनसाठी, २०१६ मध्ये नियम आला की जवळचा नातेवाईक पदावर असेल तर उभं राहता येणार नाही. म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला बंदी आणि त्याच्या बापाला मोकळं रान. तीन सलग टर्मची मर्यादा आहे खरी, पण तिने खुर्ची घराबाहेर जात नाही, घरातल्या घरात फिरते. मे २०२५ चं बघा: चाको सागारबारिया पुन्हा गव्हर्नर, वडील खासदारकीच्या तीन टर्म संपवून दुमागेतेचे मेयर, आणि वडिलांच्या जागी खासदार घरातलीच मुलगी. तिसऱ्या डिस्ट्रिक्टमधून, जिथून अर्नॉल्फो तेवेस निवडून यायचे, देगामोंच्या पत्नी जानिस खासदार झाल्या. नवऱ्याला घरात मारल्यावर उभ्या राहिलेल्या त्या बाईबद्दल मला खूप आदर आहे. तरीही तिथल्या मतदाराला आडनावांच्या बाहेर निवडायला कुणी मिळालं नाही हे लिहावंच लागेल, नाहीतर मी फक्त न आवडणाऱ्या घराण्यांवर लिहिते असं होईल.

तिसऱ्या मुद्द्याला छोटंच उत्तर. आपल्या झेडपीवर लिहिणारे बरेच आहेत, आणि चांगलं लिहितात. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं मेडिकलला फिलिपिन्सला जातात, त्यांचे आईबाप मला मेसेज करून विचारतात की निवडणुकीच्या काळात तिथे गोळीबार होतो म्हणे, मुलीला परत बोलवू का. त्यांना खरी माहिती मराठीत मिळावी असं मला वाटतं. शिवाय तुमच्यासारख्यांना एक गोष्ट जवळची वाटेल: तिथेही बूथ चालवतात ते सरकारी शाळांचे शिक्षकच. पूर्वी सक्ती होती, २०१६ च्या कायद्याने ती काढली, आता भत्ता वाढवून स्वेच्छेने बोलावतात, आणि तणावाच्या गावात शिक्षक नाही म्हणाले तर पोलिसांना बसवतात. तुम्ही इथे कधी नाही म्हणू शकला असतात का?

मी आता बघतेय ती बारांगायची निवडणूक. ही पक्षाच्या नावावर होत नाही, आणि तुम्ही म्हणता ते "लोकांचं" राजकारण खरं इथे आहे, कारण मदतीच्या याद्या, गरिबीचे दाखले, सगळं बारांगाय कॅप्टनपासून सुरू होतं. पण ती निवडणूक वेळेवर होतच नाही. मे २०१८ नंतर थेट ऑक्टोबर २०२३ ला झाली, मध्ये काँग्रेसने ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, शेवटच्या वेळचा ढकलण्याचा कायदा तर सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवला. २०२३ ला नेग्रोस ओरिएंटल पूर्ण कोमेलेकच्या नियंत्रणाखाली ठेवून मतदान घेतलं होतं. पुढची डिसेंबर २०२५ ला व्हायची होती, ती नव्या कायद्याने नोव्हेंबर २०२६ वर गेली आणि टर्म चार वर्षांची केली. म्हणजे डिसेंबर २०२५ पर्यंत निवडलेल्या कॅप्टनला लोकांना न विचारता आणखी जवळपास वर्षभर मिळालं, आणि माझ्या त्या शेजारणीला दाखल्यासाठी त्याच दारात जावं लागणार. तुम्ही यावर काय म्हणता ते जरूर लिहा, सर, विशेषतः आपल्याकडे ग्रामपंचायतीवर प्रशासक बसतो तेव्हा दाखल्यांचं काय होतं, ते तुम्ही जवळून बघितलं असेल.