शाकाहार आदल्या रात्री ठरतो

श्रावण संपला, गणपती गेले गावाला. मासे खाणाऱ्या घरांत पुन्हा बांगडे-सुरमईचा वास दरवळायला लागला आहे. "या वर्षीपासून कायमचंच सोडायचं" असं श्रावणात ठरवलेल्या माणसांची खरी पंचाईत आता सुरू होते. मी सिंधुदुर्गातली, लग्नानंतर डोंबिवलीत आले. माहेरी-सासरी दोन्हीकडे मासळी नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मी मांस-मासे सोडले. व्रत म्हणून नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनही नाही. सहा आठवड्यांत दोन किलोचा करून कापायला पाठवलेला पक्षी आपल्या जेवणासाठी असा वाढवावा, हे मला सहन होईनासं झालं. सुरुवात कोंबडीपासून झाली, मग मटण गेलं, मासे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कठीण. मधल्या काळात निश्चय मोडला, पुन्हा धरला, पुन्हा ढिला पडला. म्हणून या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतंय.

टिकत नसेल तर लोक लगेच म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडते. मला हे पटत नाही. तळणीचा वास आला म्हणून माझं कधी मोडलं नाही. मोडायची वेळ यायची ती रात्री नऊला. लोकलने उभ्याने येऊन दमलेलं शरीर, भूक कडाडलेली, घरच्यांसाठी कालवण तयार, आणि माझ्यासाठी पातळ वरण नि सकाळची कोबीची भाजी. अशा ताटापुढे रोज बसायला लागलं तर कुणाचाही निश्चय ढासळेल. आपण ताटातला मुख्य पदार्थ काढून घेतो आणि त्या जागी काहीच वाढत नाही. रिकामी जागा किती दिवस सोसणार?

यामागे एक साधं कारण आहे, ते स्वयंपाक करणारीलाच कळतं. मासे हे किनाऱ्यावरचं झटपट अन्न आहे. साफ केलेला बांगडा असेल तर मीठ, हळद, मसाला, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावायचं, रव्या-तांदळाच्या पिठात घोळवायचं आणि तव्यावर टाकायचं. भात शिजेपर्यंत जेवण तयार. उलट काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचं तर वाटाणे आदल्या रात्री भिजायला हवेत. मटकीला मोड आणायचे तर त्याच्याही आधीपासून तयारी. छोले, राजमा, वाल, सगळ्यांचं तेच. म्हणजे मंगळवारी रात्री जेवताना मी शाकाहारी राहणार की नाही, ते सोमवारी झोपण्याआधी ठरलेलं असतं. हे लक्षात आलं तेव्हापासून माझी ओढाताण निम्म्याने कमी झाली. आता रात्री ओटा पुसण्याआधी काही ना काही भिजत घालते. रविवारी ओलं खोबरं, कांदा, धणे, मिरची भाजून वाटण करते आणि छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकते. वाटण तयार असलं की आमटीला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट चवीची. मासे सोडणाऱ्याला मासळीचीच आठवण येते असं नाही. मला आठवण यायची ती तिरफळाची, कोकमाच्या आंबटपणाची, खोबऱ्याच्या दाट रसाची आणि तळलेल्या तुकडीच्या कुरकुरीत कडेची. यातलं काहीही माशाच्या मालकीचं नाही. तिरफळं घातलेली तूरडाळीची आमटी आमच्याकडे पूर्वापार होते. नीरफणसाची कापं, सुरणाची कापं तर किनाऱ्यावर सगळीकडे होतात. सुरणाचे अर्धा बोट जाडीचे काप करा, त्यांना मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून तासभर ठेवा. आंबटामुळे घशाला खाज सुटत नाही. मग मालवणी मसाला, हळद लावून रव्या-तांदळाच्या पिठात दोन्ही बाजू दाबून घ्या आणि बिडाच्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता तळा. झाकण ठेवलंत तर कड मऊ पडते. सोबत गरम भात, सोलकढी. हे ताट समोर आलं की मन शेजारच्या ताटाकडे धावत नाही. ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी, पावसाळ्यातली फागलां, टाकळा, अळंबी... आपल्याकडे काय नाही! जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा हेच पदार्थ घर सांभाळतात. सुकी मासळी साठवलेली असायचीच, तरी शिवराकाचं, म्हणजे शाकाहारी जेवणाचं, भांडार मोठं होतं. आपण ते सणावारापुरतं ठेवलं आणि हॉटेलात गेल्यावर शाकाहार म्हणजे पनीर, असं धरून चाललो. रोज पनीर खाऊन मी कंटाळले असते आणि दोष शाकाहाराला दिला असता.

मात्र या भांडारातही लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडे भाजीत सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, घालायची सवय इतकी जुनी आहे की घालणारीला ते वेगळं वाटतच नाही. वांग्यात सोडे, दुधीत कोलंबी. "अगो, भाजीच हा," म्हणून प्रेमाने वाढलं जातं. मी आता आधीच विचारते, आणि घातले असतील तर वरण-भात, लोणचं, पापड घेऊन आनंदाने जेवते. कुणाला ओशाळं वाटू देत नाही.

सर्वांत अवघड जागा मात्र स्वयंपाकघराबाहेर आहे. गावात एखाद्याने तुळशीची माळ घातली की त्याला कुणी आग्रह करत नाही. "माळकरी हा तो," एवढं म्हटलं की विषय संपला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या जेवणात त्याच्यासाठी वेगळी आमटी झाकून ठेवलेली असते. त्याच्यामागे एकादशी आहे, पंढरीची वारी आहे, सोबत चालणारी माणसं आहेत. श्रावण पाळणाऱ्यामागे अख्खं पंचांग आहे. पण "मी आपणहून सोडलंय" म्हटलं की तिथून चर्चा सुरू होते. मग झाडांना जीव नसतो का, मासा म्हणजे समुद्रातली भाजीच, एका तुकड्याने काय होतंय. काकी काळजीने विचारते, "तू काय खातलंस गो?" आणि त्या काळजीला उत्तर देणं टोमण्याला उत्तर देण्यापेक्षा कठीण असतं. नवस आहे, सोमवार आहे, असं सांगून सुटायचा मोह होतो. मी तसं सांगत नाही. विवेकाने घेतलेल्या निर्णयालाही नवसाइतकाच मान मिळावा असं मला वाटतं, आणि तो मिळायचा तर कुणीतरी खरं कारण शांतपणे सांगत राहायला हवं.

वारकऱ्यांकडून मी एक शिकले. एकट्याने धरलेला नेम लवकर सुटतो, चारचौघांत धरलेला टिकतो. ऑफिसात माझ्यासारखी आणखी एक मैत्रीण मिळाली. आम्ही दोघी डबा वाटून खातो आणि रात्री एकमेकींना फक्त एवढंच विचारतो: "काय भिजत घातलंस?" बाहेर जेवायला जाताना आम्ही दोघी असलो की मेनूकार्डातली शाकाहारी पानं कुणीतरी उघडतंच.

मोडलं तर काय, हेही लोक विचारतात. मोडलं तर पुढच्या जेवणाला पुन्हा धरायचं. एका लग्नात कोंबडीवडे खाल्ले म्हणून "आता काय उपयोग" म्हणत महिनाभर खात सुटणारे मी पाहिलेत. त्या महिन्याचं नुकसान त्या एका जेवणापेक्षा कितीतरी मोठं असतं. ज्या प्राण्यांसाठी आपण हे करतो, त्यांना आपल्या शुद्धतेशी काही देणंघेणं नाही. किती वेळा खाल्लं नाही, तेवढंच त्यांच्या कामाचं.

तब्येतीबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. बी-बारा हे जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. दूध-दह्यातून मिळतं, पण ते पुरेसं पोटात जायला हवं. यकृतात साठा असल्यामुळे कमतरता उशिरा, कधी काही वर्षांनी दिसते. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा. रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टर म्हणाले तर गोळ्या घ्या, त्यात कमीपणा नाही. प्रथिनांचा हिशेब आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला साधारण 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम. वाटीभर पातळ आमटीत पाचेक ग्रॅमच असतात. म्हणून उसळ दाट हवी, दही हवं, शेंगदाणे, सोयाबीन, चणे हवेत. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको. मासे सोडून नुसत्या भात-बटाट्यावर राहिलेली माणसं दोन महिन्यांत गळून जातात आणि म्हणतात, आम्हाला शाकाहार मानवत नाही.

आणखी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत मांस-मासे खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. घर शोधताना आडनाव ऐकून "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न आम्हीही ऐकला आहे. आपल्याकडे शाकाहाराला जातीच्या सोवळ्याचा वास फार जुना आहे, आणि म्हणूनच आमच्यासारख्या घरातून कुणी मांसाहार सोडला की घरच्यांना वाटतं, ही आता आपल्याला कमी लेखणार. ही भीती मी समजते. मी अजूनही घरच्यांसाठी बाजारातून पापलेट निवडून आणते, कल्ले लाल आहेत का बघते, कालवण करते. माझा निर्णय माझ्या ताटापुरता आहे. ज्या आईने मासे विकून किंवा मासे रांधून मुलं वाढवली तिच्यापेक्षा मी पवित्र झाले, असं मला क्षणभरही वाटत नाही. सोवळ्यासाठी सोडणाऱ्यांशी माझं काही नातं नाही. दयेसाठी सोडणारे आमच्या कोळी, गाबीत, भंडारी, आगरी घरांतही आहेत, फक्त ते गप्प असतात.

त्यांनी कृपया इथे बोलावं. मला तुमच्या घरचे शिवराकाचे पदार्थ हवे आहेत, मोजमापासकट, वाटणासकट. वालाचं बिरडं असो, शेवग्याच्या शेंगांचं सुकं असो, मुगागाठी असो. आणि सोडे न घालता वांग्याला ती खोल चव कशी आणायची, हे कुणाला जमलं असेल तर आधी ते लिहा. माझी काकी दिवाळीत येणार आहे, तिला ते वाढायचं आहे.