बॉन-टॉन ॲमेझॉनमुळे बुडालं? मला नाही पटत

जुनी दुकानसाखळी बुडाली की निकाल तयारच असतो: ऑनलाइनने खाल्लं. अमेरिकेतल्या बॉन-टॉन या डिपार्टमेंट स्टोअर साखळीबद्दलही सगळे हेच म्हणतात. मला हे उत्तर आळशी वाटतं.

१८९८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावात ग्रुम्बाकर बापलेकांनी एका खोलीत टोप्या आणि कापड विकायला सुरुवात केली. पुढे नव्वदेक वर्षं धंदा घरचाच होता आणि बेताबेताने वाढत होता. १९९१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि मग आसपासच्या शहरांतली थकलेली दुकानं विकत घेणं सुरू झालं. १९९४ मध्ये ॲलनटाउनच्या प्रसिद्ध हेसची काही दुकानं, २००३ मध्ये ओहायोतली एल्डर-बीअरमन. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. झेपेल तेवढंच उचललं होतं.

२००६ मध्ये मात्र त्यांनी सॅक्स या दुसऱ्या दुकानकंपनीकडून सुमारे १४० दुकानं एका झटक्यात घेतली. कार्सन्स, यंकर्स, हर्बर्गर्स, बर्गनर्स, बॉस्टन स्टोअर. किंमत एक अब्ज डॉलरहून जास्त, आणि भार मुख्यतः कर्जावर. दुकानं जवळपास दुप्पट झाली, मुख्यालयंसुद्धा दोन झाली, यॉर्क आणि मिलवॉकी. दोन वर्षांत मंदी आली. गिऱ्हाईक हात आखडता घेऊ शकतं, व्याजाचा हप्ता घेत नाही.

२०१० नंतर कंपनीला एकाही वर्षी नफा झाला नाही. म्हणजे रोज शटर वर जातंय, गल्ल्यात पैसे पडतायत आणि ते तसेच सावकाराच्या दारात जातायत. अशा धंद्यात दुकानाची डागडुजी पुढच्या वर्षावर जाते, चांगली वेबसाइट त्याच्या पुढच्या वर्षावर. ऑनलाइनशी कुस्ती झाली हे खरं, पण आखाड्यात उतरलेला पैलवान आधीच उपाशी होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी शहाणपणाने केली. त्याच २००६ मध्ये शिकागोतल्या मार्शल फील्ड्स या जुन्या दुकानाची पाटी उतरवून तिथे मेसीज या दुसऱ्या साखळीची लावली गेली आणि लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. बॉन-टॉनने मात्र सॅक्सकडून घेतलेल्या दुकानांची जुनी नावं ठेवली. आयोवातल्या माणसासाठी यंकर्स हे यंकर्सच राहिलं. कम्युनिटी डेज नावाचा त्यांचा उपक्रम तर मला फारच आवडतो: गावातल्या सेवाभावी संस्था पाच डॉलरला कूपनांची पुस्तिका विकायच्या आणि ते पाचही डॉलर संस्थेकडेच राहायचे. गाव आणि दुकान यांचं असं नातं जाहिरातीने विकत मिळत नाही. (अर्थात, एवढी कूपनं वाटली की छापील किमतीला कोण घेणार, हाही प्रश्न आहेच. गिऱ्हाइकाला थांबायची सवय दुकानानेच लावली.)

फेब्रुवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. तेव्हा २३ राज्यांत अडीचशेहून जास्त दुकानं होती. मॉलमालकांच्या एका गटाला कंपनी चालू ठेवायची होती. हिशेब तपासण्याच्या खर्चापोटी त्यांनी पाच लाख डॉलर मागितले आणि न्यायालयाने नाही म्हटलं. एप्रिलमधल्या लिलावात बाजी मारली ती कंपनीच्याच काही धनकोंनी, सोबतीला माल फुंकून दुकानं रिकामी करून देणारे. हजारो कामगारांनी शेवटचे काही महिने काय केलं, तर आपल्याच दुकानात 'सगळं विकायचंय'च्या फलकांखाली उभं राहून माल काढला. ऑगस्ट संपेपर्यंत सगळं आवरलं होतं. धनकोंचं गणित मला कळतं. त्यांना मोडीत जास्त मिळत होते. पण मग खापर ॲमेझॉनवर कशाला?

शिकागोत लुई सलिव्हनने बांधलेली कार्सन्सची इमारत आहे, दारावर लोखंडी वेलबुट्टी असलेली. ते दुकान बॉन-टॉनने घेतल्यावर वर्षभरात, २००७ मध्येच बंद केलं होतं. आता तिथे टार्गेट या दुसऱ्या साखळीचं दुकान आहे, आणि बऱ्यापैकी चालतं म्हणे. आणि बॉन-टॉन हे नाव? दुकानं गेल्यावर ते एका ऑनलाइन कंपनीने विकत घेतलं.