सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

कॉम्प्युटर अपग्रेड करू पाहणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो थोडक्यात असा: जेवढे पैसे असतील तेवढे प्रोसेसरवर घाला, गिगाहर्ट्झचा आकडा मोठा असेल तो प्रोसेसर निवडा, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा, जुळत असले की मदरबोर्ड कोणताही चालतो, आणि रॅम म्हणजे शेवटी जीबी, बाकी सगळी जाहिरातबाजी. सल्ला सुटसुटीत आहे, नवख्या माणसाला धीर देणारा आहे, म्हणूनच तो पसरतो. पण त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि त्यापायी न जुळणारे सुटे भाग घेऊन बसलेली माणसे मी इतक्या वेळा पाहिली आहेत की प्रत्येक विधान वेगळे घेऊन तपासणे मला गरजेचे वाटते.

सुरुवात सॉकेटपासून करतो, कारण सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला एवढ्यावरून तो चालेल असे ठरत नाही. इंटेलचे एलजीए ११५१ हे याचे ठळक उदाहरण आहे. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलेले हे सॉकेट २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीलाही त्याच नावाने आणि त्याच आकारात मिळाले, परंतु मधल्या काळात काही पिनांचे काम बदलले होते आणि आठव्या पिढीला ३०० मालिकेतला चिपसेट (प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांना जोडणारी बोर्डावरची चिप) आवश्यक झाला होता. त्यामुळे १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर नवा प्रोसेसर अलगद बसे, पण कॉम्प्युटर सुरू होत नसे. एएमडीचे एएम४ सॉकेट खरोखरच अनेक पिढ्या टिकले, तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० मालिकेला ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांवर अधिकृत बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) मिळायला २०२२ साल उजाडले. म्हणून सॉकेटच्या नावावर विसंबू नये. बोर्डाच्या उत्पादकाने त्या नेमक्या मॉडेलसाठी दिलेली प्रोसेसरांची यादी उघडावी, आपला प्रोसेसर त्यात आहे का ते पाहावे आणि त्यासमोर कोणत्या आवृत्तीचा बायोस लिहिला आहे तेही पाहावे. खोक्यातल्या बोर्डावर त्याहून जुना बायोस असेल तर तो बदलायला आधी चालणारा प्रोसेसर लागतो, आणि तो हाताशी नसतो. पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवाय बायोस भरण्याचे बटण काही बोर्डांवर असते. ते असलेला बोर्ड मी नेहमी पसंत करतो.

मदरबोर्ड कोणताही चालतो, या विधानात सत्याचा एक अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. दोन नीट बनवलेल्या बोर्डांवर एकच प्रोसेसर जवळपास सारख्याच वेगाने चालतो, त्यामुळे दिवे आणि सजावट यांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. परंतु पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण सव्वा व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम बोर्डावरचे व्हीआरएम करते, आणि इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली २५३ वॉटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एवढ्याशा जागेतून २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. अशाच वरच्या दर्जाचा एक प्रोसेसर अगदी साध्या बोर्डावर बसवलेला कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. व्हिडिओ रेंडर सुरू केला की पहिली काही मिनिटे सारे सुरळीत चाले आणि मग घड्याळगती एकदम खाली येई. प्रोसेसरचे तापमान ठीक होते, कूलर चांगला होता. सॉकेटशेजारचे मॉस्फेट, म्हणजे व्हीआरएममधले वीज हाताळणारे भाग, मात्र उघडे होते, त्यांच्यावर उष्णता वाहून नेणारा हीटसिंक नव्हता, आणि नुसते बोट जवळ नेले तरी त्यांची धग जाणवत होती. स्वतःला वाचवण्यासाठी बोर्डच प्रोसेसरची वीज कमी करत होता. त्याच बोर्डावर ६५ वॉटचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर बसवल्यावर ते रेंडर न अडखळता पूर्ण झाले. चिपसेटच्याही मर्यादा असतात: इंटेलच्या एच६१० चिपसेटवर रॅमचे फक्त दोन स्लॉट मिळतात आणि अधिकृत मर्यादेपलीकडे रॅमचा वेग वाढवता येत नाही, त्यामुळे तेथे वेगवान रॅमसाठी दिलेले जादा पैसे वाया जातात.

आता रॅम. जीबी पुरेसे असणे ही पहिली अट आहे, याबद्दल माझा वाद नाही. रॅम अपुरी पडली की सिस्टीम डिस्कचा आधार घेते आणि मग उत्तम प्रोसेसरही ताटकळत राहतो. पण जीबीपाशी हिशेब संपत नाही. डीडीआर४ ही रॅमची जुनी पिढी आणि डीडीआर५ ही नवी. या दोन्ही स्टिकना २८८ पिना असतात, तरी खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही आणि ती दाबून बसवण्याचा प्रयत्नही करू नये. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० चे प्रोसेसर दोन्ही प्रकार ओळखतात, मात्र कोणता प्रकार चालेल ते बोर्ड ठरवतो, आणि म्हणून जुनी डीडीआर४ वापरायची असेल तर बोर्ड निवडतानाच ते ठरवावे लागते.

त्यानंतर चॅनेलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या वाटेचा, मुद्दा येतो, आणि माझ्या मते या सल्ल्याने केलेले सर्वांत मोठे दुर्लक्ष हेच आहे. १६ जीबीची एक डीडीआर४-३२०० स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहू शकते. ८ जीबीच्या दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असतील तर ही मर्यादा ५१.२ जीबी होते. जीबी तेवढेच, वाट दुप्पट रुंद. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्याला हा फरक खेळताना लगेच दिसतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरायचा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन स्टिक एकाच चॅनेलवर जातात.

वेगाचा आकडाही एकटा वाचू नये. डीडीआरच्या नावातला मोठा आकडा वेगाचा असतो, तर सीएलचा आकडा प्रतिसाद यायला लागणाऱ्या घड्याळाच्या ठोक्यांचा. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर५-६००० सीएल३० या दोहोंत पहिला प्रतिसाद यायला १० नॅनोसेकंद लागतात, तर डीडीआर५-४८०० सीएल४० ला १६ नॅनोसेकंदांहून अधिक. शिवाय ६००० लिहिलेली स्टिक बसवली म्हणजे ती ६००० वर चालू लागते असे नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (स्टिकमध्ये साठवलेली जादा वेगाची तयार मांडणी) सुरू करेपर्यंत ती बहुधा ४८०० वरच राहते, आणि कित्येकांच्या कॉम्प्युटरमध्ये ती वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असते. पुढे आणखी दोन स्टिक घालू, हा विचारही तपासून घ्यावा: रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेली अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आहे, चार स्टिकना फक्त ३६००. पुढे ३२ जीबी लागणार असतील तर सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन स्टिक घेणे बरे.

गिगाहर्ट्झचे विधान तर २००६ मध्येच मोडीत निघाले होते. त्या वर्षी आलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओने ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचलेल्या पेंटियम ४ ला मागे टाकले, कारण तो प्रत्येक ठोक्याला अधिक काम करत होता. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी पाहावा. त्याची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ आहे, साध्या ५८००एक्सची ४.७, तरीही ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीमुळे) बहुतेक खेळांत तोच सरस ठरतो. कोड कंपाइल करणाऱ्याला मात्र त्या जादा कॅशचा तितका लाभ होत नाही.

राहिला सगळे पैसे प्रोसेसरवर घालण्याचा आग्रह. त्याला उत्तर आपल्या सध्याच्या कॉम्प्युटरमध्येच मिळते. रोजचे सर्वांत जड काम सुरू करावे, टास्क मॅनेजर उघडावा आणि पाच-दहा मिनिटे आलेखांकडे पाहावे. सगळे कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले असतील तर प्रोसेसर बदलावा, आणि मग त्याला झेपेल असा बोर्ड व त्या बोर्डाला चालणारी रॅम अशा क्रमाने पुढे जावे. प्रोसेसर ३० टक्क्यांवर निवांत असेल, मेमरी ९५ टक्के भरलेली असेल आणि डिस्क सतत धडपडत असेल, तर सध्याच्याच बोर्डावर त्याला मानवणारी रॅम वाढवावी आणि प्रोसेसरला हात लावू नये.