कप नाणेफेकीनं गेला नाही

पार्क चौपाटीवर, नव्या पेठेत आणि कालपासून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच फिरतंय: '19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत वर्ल्ड कपच्या फायनलला ऑस्ट्रेलियासमोर आपला कॅप्टन रोहित नाणेफेक हरला, तिथंच कप गेला. जिंकला असता तर आधी बॉलिंग घेतली असती.'

हे चूक आहे. ऑस्ट्रेलियानं नाणेफेक जिंकून आधी बॉलिंग घेतली, त्यावर रोहित तिथंच, सगळ्यांसमोर बोलला होता की मीही आधी बॅटिंगच घेतली असती. म्हणजे नाणं कसंही पडलं असतं तरी आपणच आधी खेळणार होतो. संध्याकाळी खेळपट्टी सोपी झाली, हे मान्य. पण त्यात नाण्याचा काय दोष?

दुसरा आरोपी राहुल: म्हणे तो संथ खेळला म्हणून हरलो. 107 चेंडूंत 66, चौकार एकच, आकडा खराच आहे. फक्त तो मैदानात आला तेव्हा 81 वर 3 बाद होते, हे मेसेजवाले गाळतात. शेवटच्या 40 षटकांत अख्ख्या संघाचे मिळून चौकार चार! एकट्याच्या डोक्यावर खापर कसं फोडायचं?

आणि त्या मेसेजात ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडचं नावच नाही. आपल्या 240 धावांसमोर ऑस्ट्रेलियाचे 47 वर 3 गेले होते, तेव्हा इथं फटाक्यांच्या माळा बाहेर काढून ठेवल्या होत्या लोकांनी. मग हेड आणि लाबुशेन यांची 192 धावांची भागी. हेडच्या 137. रोहितला बाद करणारा, मागं पळत घेतलेला तो झेलही हेडचाच.

आमच्या शेजारचे काका म्हणतात, त्यांनी खुर्ची बदलली म्हणून सामना फिरला. त्यांना हा खुलासा लागू नाही.