हातभर गोधडीची स्पर्धा का नको?

आईच्या साड्यांची गोधडी विकावी की विकू नये, हा वाद महाराष्ट्रातल्या मित्रमैत्रिणींत अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, मायेची वस्तू बाजारात मांडू नका. दुसरी विचारते, मग शिवणाऱ्या बाईने खायचे काय? मी दुसऱ्या बाजूची आहे. पण जपानमधून हा वाद वाचताना सारखे जाणवते, की गोधडीच्या टाक्याबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे बोलणे टाक्यापासूनच सुरू होते. क्विल्ट ही पाश्चात्त्य धर्तीची गोधडी; मिनिएचर क्विल्ट म्हणजे तिची पलंगभर पसरणारी नक्षी वहीच्या पानाएवढ्या जागेत बसवायची. एरवी तुकडे जोडताना शिवणीसाठी सात मिलिमीटर कापड सोडतात. इथे अख्खा चौकोनच दोन-अडीच सेंटिमीटरचा. तेवढे सोडले तर मागे नुसता गठ्ठा होईल. म्हणून शिवण घातल्यावर कड कातरून निम्म्यावर आणतात. मग ती एका बाजूला वळवून दुमड टाक्याच्या रेषेपेक्षा केसभर पुढे दाबतात, म्हणजे धागा पुढून दिसत नाही. ही किमोनो शिवणाऱ्यांची जुनी रीत. आतला थरही पातळच हवा, नाहीतर बारीक नक्षी फुगून बुजते. अशा कामाची मागची बाजू पाहायला मिळाली तर जरूर पाहावी; खरी परीक्षा तिथेच असते.

असे बारीक काम जपान्यांच्या रक्तातच आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही. सुईची परंपरा जुनी आहे, हे खरे. उत्तर जपानमधल्या त्सुगारू भागात 1724 च्या काटकसरीच्या फर्मानाने शेतकऱ्यांना सुती कपडे बंद झाले, तेव्हा बायकांनी तागासारख्या जाडसर कापडाचे धागे मोजून त्यात दोरा भरला. ऊबही आली आणि कोगिन ही नक्षीही घडली. पण पॅचवर्क, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्ट इथे रुजला तो 1970 च्या दशकात, अमेरिकेतून येऊन. पुढचे सगळे शिकवून उभे राहिले: पायऱ्यापायऱ्यांचे अभ्यासक्रम, शिक्षिकांची प्रमाणपत्रे, मूळ मापाचे नमुने छापणारी मासिके. क्विल्टकार योको साइतो यांनी 1985 मध्ये चिबा प्रांतातल्या इचिकावात दुकान आणि शाळा काढली. त्यांचे करडे-मातकट रंग आज जगभर ओळखले जातात. 2002 पासून बरीच वर्षे टोकियो डोममध्ये, एरवी बेसबॉल चालतो त्या मैदानावर, दर जानेवारीत क्विल्टचा महोत्सव भरत असे.

पोटाचा प्रश्न मात्र जपानने सोडवलेला नाही. इथल्या बहुतेक जणी हौसेने शिवतात, शिकायला पैसे मोजतात, आणि त्यांचे वयही वाढत चालले आहे. शेतीच्या सुगीनंतर चार पैशांसाठी गोधडी शिवणाऱ्या बाईला हा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: टाक्याकडे बारकाईने पाहणे. पाहण्यासारखे आपल्याकडेही आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी ही त्यांची गोधडी शिवताना कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घालत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणांची फुले लावतात. आपल्या गोधडीचा धावदोराही असाच नीट पाहण्याजोगा आहे. बचतगटांचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतेच. तिथे गोधडीची स्पर्धा ठेवा: लांबी-रुंदी एक हात, शिवण हाताची, चिठ्ठीवर बाईचे आणि गावाचे नाव. परीक्षक म्हणून गोधडी शिवण्यात मुरलेल्या बायकाच बसवा, आणि निम्मे गुण मागच्या बाजूला द्या.