पाहुण्यांना म्युनिक दाखवताना घ्यावयाची दक्षता

नव्या गावात राहावयास गेल्यावर आधी गाव समजून घ्यावे आणि मग त्याविषयी बोलावे, असे जुन्या पिढीचे मत होते. त्या पिढीची मुले युरोपात राहत नव्हती, म्हणून ते मत टिकले. म्युनिकमध्ये नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाच्या पत्त्याची नोंदणी होते न होते तोच पुण्याहून आणि ठाण्याहून विचारणा सुरू होते, की मे महिन्यात यायचे म्हणतो, तुमच्याकडे जागा आहे ना. अशा वेळी शहर आधी दाखवावे आणि सवड मिळाल्यास पुढे कधीतरी पाहावे, हाच क्रम व्यवहार्य आहे. बोलताना नुसते 'म्युनिक' न म्हणता 'आमचे म्युनिक' म्हणण्याची सवय लवकरात लवकर लावून घ्यावी.

आरंभ मारियनप्लात्झ या चौकातच करावा, कारण दुसरी जागा अजून तुम्हाला माहीत नाही. तेथील नव्या टाऊन हॉलकडे हात करून 'मध्ययुगीन' हा शब्द उच्चारावा आणि थोडे थांबावे. ही इमारत १८६७ ते १९०९ या काळात बांधली गेली, म्हणजे मुंबईचे व्हीटी स्थानक उभे राहिल्यानंतर वीसेक वर्षांनी पुरी झाली, हे सांगण्याचे काहीच कारण नाही. जुना टाऊन हॉल शेजारीच आहे, पण तो लहान दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहुण्यांची पाठ राहील अशा बेताने त्यांना उभे करावे. सकाळी ११ वाजता ४३ घंटा वाजू लागतात आणि मनोऱ्यातल्या ३२ बाहुल्या फिरतात. वरच्या मजल्यावर १५६८ सालच्या एका राजविवाहाचा सोहळा चालतो, त्यात निळ्या-पांढऱ्या वेषातला, म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाचा सरदार लोरेनच्या सरदाराला घोड्यावरून पाडतो. रोज ११ आणि १२ वाजता तोच जिंकतो, आणि मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी ५ वाजताही तोच. तरीही प्रत्येक पाहुण्यांबरोबर नव्याने उत्कंठा दाखविणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

यानंतर शिस्तीचा पाठ सुरू करावा. येथील भुयारी रेल्वेला फाटके नाहीत. पुण्याच्या मेट्रोत कार्ड टेकवून आलेला पाहुणा ती शोधू लागला, की 'येथे माणसावर विश्वास ठेवतात' हे वाक्य सोडावे. साध्या वेशातले तपासनीस डब्यात चढतात आणि तिकिटावर शिक्का मारून घेतला नसेल तर ६० युरो घेतात, हा त्या विश्वासाचा उत्तरार्ध मात्र प्रसंग येईपर्यंत राखून ठेवावा. रात्री साडेअकरा वाजता निर्मनुष्य रस्त्यावर तांबडा दिवा असताना सगळ्या कुटुंबाला थंडीत उभे करावे. तेवढ्यात एखादा स्थानिक गृहस्थ खुशाल रस्ता ओलांडून गेला, तर तो बर्लिनचा असावा असे म्हणावे.

खरी परीक्षा बिअर गार्डनमध्ये होते. चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकांवर सगळे बसले, की काकू पिशवीतून स्टीलचा डबा काढतात. त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची फोड असते, आणि त्या वासाने तुमच्या पोटात गोळा येतो. ताबडतोब आवाज खाली आणून 'येथे असले चालत नाही' असे सांगावे आणि डबा पुन्हा पिशवीत घालावयास लावावा. वस्तुतः येथे नेमके हेच चालते. राजा मॅक्सिमिलियन पहिला योसेफ याने १८१२ साली मद्य बनविणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकण्याची मुभा दिली, पण पावाखेरीज दुसरे खाणे विकावयास मनाई केली. त्यामुळे गिऱ्हाइके घरून शिदोरी आणू लागली, आणि पारंपरिक बिअर गार्डनमध्ये ज्या बाकांवर मेजपोस नसतो तेथे स्वतःचे खाणे आणण्याचा हक्क आजही अबाधित आहे. पेय तेवढे तेथेच घ्यावे लागते. पलीकडच्या बाकावरच्या आजीबाई एव्हाना चौकड्यांचे कापड अंथरून मुळा चिरू लागलेल्या असतात. काकूंचे लक्ष तिकडे जाण्यापूर्वी सर्वांसाठी चीज घातलेले श्पेत्झले, म्हणजे तिकडच्या जाड शेवया, मागवावे, त्याचे पैसे द्यावेत आणि पाहुण्यांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले तर रागवावे. धपाटे घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने खावेत.

तेथून जवळच इंग्लिश गार्डन हे अवाढव्य उद्यान आहे. १७८९ पासूनचे आहे, फारच रम्य आहे. कडक उन्हाळ्यात सासऱ्यांना बरोबर घेऊन जाताना त्याच्या दक्षिणेकडील श्योनफेल्ड कुरणाची वाट टाळावी, कारण तेथे नागरिक संपूर्णपणे ऊन घेत पडलेले असतात. वाट चुकलीच तर पक्षी दाखवावेत.

शनिवारी न्यॉयश्वानश्टाइनचा किल्ला. न गेल्यास पाहुणे आलेच नाहीत असे धरले जाते. बव्हेरियाभर दिवसभर चालणाऱ्या बायर्न तिकिटावर ५ माणसे जातात, फ्युसेनपर्यंत आगगाडीने दोन तास, पुढे बस, पुढे अर्धा-पाऊण तास चढ, आणि आत जाण्याची वेळ तिकिटावर छापलेली, ती चुकली की पैसे गेले. एवढे करून आत सुमारे अर्धा तास मिळतो आणि छायाचित्रे काढू देत नाहीत. दुसऱ्या लुडविग राजाने एकांतासाठी बांधावयास घेतलेल्या या वाड्यात तो स्वतः सारे मिळून १७२ दिवस राहिला. जून १८८६ मध्ये तो सरोवरात मृतावस्थेत सापडला आणि सातच आठवड्यांत वाडा लोकांसाठी उघडला. रांग तेव्हापासून आहे. तुम्ही दर उन्हाळ्यात एवढ्या वेळा तेथे जाल, की राजापेक्षा तुमचा मुक्काम जास्त भरेल. मात्र हे सत्कार्य केवळ पाहुण्यांसाठी आहे, असे सांगत राहावे.

शहरात उरलेल्या वेळात रेसिडेंझ या राजवाड्याच्या दाराशी असलेल्या सिंहांकडे न्यावे. त्यांच्या ढालींवरच्या मुखवट्यांची नाके घासली की भाग्य उजळते, असे मानतात, आणि ती नाके घासून घासून लखलखीत झालेली आहेत. तेथेच व्हिस्कार्डीगासे नावाची एक बारकी गल्ली फुटते, तिच्या फरसबंदीत पितळी रंगाच्या दगडांचा एक वळणदार पट्टा आहे. नाझी राजवटीत फेल्डहेर्नहाले या जवळच्या कमानदार मंडपाच्या बाजूला एक स्मारक होते आणि त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून सलामी द्यावी लागे. ती द्यायची नसलेली माणसे या गल्लीतून वळसा घालून जात. त्यांच्या पावलांची ती खूण आहे. पाहुण्याने विचारलेच तर गटाराची दुरुस्ती झाली असावी असे सांगून पुन्हा सिंहाकडे वळवावे. नाक घासतानाचे छायाचित्र चांगले येते.

सर्वांत मोठा धोका ९० दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांकडून असतो. चार दिवसांचा पाहुणा तुमच्या मागे चालतो, पण हे दोघे तुम्ही कार्यालयात गेल्यावर एकटे बाहेर पडतात. महिनाभरात वडिलांना कोणत्या तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी मोठी मिळते ते कळते, खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी ते मराठीतून आणि आजोबा त्यांच्याशी बव्हेरियन बोलीतून गप्पा मारतात, आणि दोघेही समाधानी असतात. एका संध्याकाळी ते इझार नदीचा शोध लावतात. आयुष्य मुठेच्या काठी गेलेला हा माणूस जेवताना सांगतो, की शहराच्या मधोमध नदी आहे, पाण्याचा तळ दिसतो, पोरे पोहतात, बायका गोट्यांवर बसून वाचतात. शहराने २००० ते २०११ या काळात सुमारे ८ किलोमीटरच्या पात्रातले बांधीव काठ काढून तिला पुन्हा ऐसपैस वाहू दिले, हेही त्यांनी कोठून तरी मिळविलेले असते. यावर 'हो, ते आम्हाला माहीत आहे' एवढेच म्हणावे आणि वाढून घ्यावे.

रविवारी दुकाने बंद असतात आणि किल्ला सर्वांचा पाहून झालेला असतो, त्यामुळे ते तुम्हालाच नदीवर घेऊन निघण्याची शक्यता आहे. विरोध करू नये. मुलांना आजोबांचा हात धरू द्यावा, आपण दोन पावले मागे राहावे, समोरून ओळखीचे मराठी कुटुंब आल्यास 'यांना जरा आमची इझार दाखवतो आहे' असे मोठ्याने म्हणावे, आणि पुढच्या फाट्याशी कोणीकडे वळायचे ते वडील वळेपर्यंत बुटाची नाडी बांधत राहावे.