अठरा मार्क, शंभर नावं

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण झालं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत राहणारी माझी चुलत वहिनी विमा एजंटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. ५० प्रश्न, एक तास, पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ उत्तरं बरोबर यायला हवीत. तिची १६ आली. त्यावर पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने लिहिलं, "ज्यांना १८ मार्क पडत नाहीत त्यांनी लोकांच्या पैशाला हात लावू नये. परदेशात बघा ही परीक्षा किती कडक असते. मामाला विचारा."

मामा म्हणजे मी. अकरा वर्षं कॅनडात, मिसिसागात आहे आणि ती कडक परीक्षा मी दिलेली आहे. तेव्हा विचारलंच आहे तर सांगतो.

परीक्षा कडक आहे हे खरं. चार पेपर असतात: आयुर्विमा, अपघात आणि आजारपण, सेग्रिगेटेड फंड (विमा कंपनीचे गुंतवणुकीचे फंड) आणि अॅन्युइटी (पेन्शनसारखं ठरावीक उत्पन्न), आणि चौथा व्यवसायातल्या नीतिमत्तेचा. प्रत्येकात ६० टक्के पाहिजेत. सेग्रिगेटेड फंडात मी पहिल्या वेळी नापास झालो. वेअरहाऊसची रात्रपाळी संपवून बेसमेंटमध्ये यायचं, दोन तास झोपायचं आणि पुस्तक उघडायचं, असे चार महिने काढले. लायसन्स हातात आलं तरी दर दोन वर्षांत ३० तासांचं शिक्षण चुकत नाही, आणि चुकीच्या सल्ल्याबद्दल उद्या कोणी दावा लावला तर त्यासाठी एजंटने स्वतःचाही विमा उतरवावा लागतो. आपल्याकडे एजंटच्या प्रशिक्षणाचे १०० तास होते, त्याचे ५० झाले, आता २५ उरलेत. एवढ्यापुरतं भाच्याचं बोलणं मला मान्य आहे.

पण या परीक्षेपर्यंत मला कोणी नेलं, ते त्याने विचारलं नाही. मी स्क्वेअर वन मॉलच्या फूड कोर्टात आईशी फोनवर बोलत होतो. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ फोन संपायची वाट बघत थांबला आणि म्हणाला, "कोकणातले काय?" मला इथे येऊन पाच महिने झाले होते आणि हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मंगळवारी संध्याकाळी त्याने मला एका हॉलमध्ये नेलं. साठेक खुर्च्या भरलेल्या, सगळे आपल्यासारखेच नवे आलेले. कोणी टॅक्सी चालवणारा, कोणी डेंटिस्टची डिग्री घेऊन टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या काउंटरवर उभी असलेली. पडद्यावर गोल काढून दाखवले: तू, तुझ्याखाली तीन, त्यांच्याखाली नऊ. खालच्याच्या कमिशनातला वाटा वरच्याला. अशा साखळीला आपल्याकडे २०१५ च्या विमा कायदा दुरुस्तीने बंदी केली आहे. इथे तीच साखळी उघड्यावर चालते. भाच्या, "परदेशात बघा" म्हणताना हेही बघ.

त्या हॉलमधले आम्ही सात जण चारही पेपर पास झालो. ६० टक्के मिळवून, नीतिमत्तेसकट. वर्षाने सातांपैकी एकही जण विमा विकत नव्हता. कडक परीक्षेने आमच्यातला कोणी वाचला नाही, कारण भरती करणाऱ्याला आमची हुशारी नकोच होती. त्याला आमची यादी हवी होती.

यादी म्हणजे शंभर नावं. लायसन्स यायच्या आधीच त्याने एक कागद पुढे ठेवला. त्यावर नाव, नातं, वय, लग्न झालंय का, पत्ता असे रकाने होते. "विचार करू नकोस, आठवेल तसं लिही."

वहिनीलाही असाच कागद मिळालाय. तिने मला त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी कामावर होतो. तेच रकाने, फक्त मराठीत. जुलैत एका कंपनीचा माणूस शृंगारतळीहून मोटारसायकलने वाडीत आला होता. जुलैच का? गणपतीला चाकरमानी येतात म्हणून. चार दिवस प्रत्येक घरात मुंबईचा पगार उतरतो, आणि त्या आधी घरातल्याच एका बाईच्या नावावर एजन्सी उघडली की तिला नाही म्हणणारा दीर-जाऊ कुठून येणार? प्रशिक्षणाचे २५ तास तिने पाहिलेच नाहीत, तिच्या नावाने कोणीतरी मोबाइलवर पुढे पुढे सरकवत पुरे केले. पुस्तक मिळालं नाही, घोकायला प्रश्नोत्तरांचे फोटो मिळाले. त्यातले प्रश्न आले असते तर ती पास झाली असती. ते आले नाहीत, तरी १६ पडले. माझ्या हिशेबी हे १६ मार्क तिचे स्वतःचे आहेत.

तिने मला फोनवर विचारलं होतं, "भावोजी, विमायोग्य हितसंबंध म्हणजे काय ओ? दहा वेळा वाचलं." मी इंग्रजी पुस्तकातलं आठवून सांगायला लागलो आणि मलाच नीट सांगता येईना. तिनेच मध्ये तोडलं. "म्हणजे शेजारच्याचं कलम वठलं तर मला भरपाई कशाला? माझं वठलं तर पाहिजे. असंच ना?" अगदी असंच. मला हे समजायला एक अख्खा धडा लागला होता. ज्या बाईला हे एका वाक्यात सांगता येतं ती नापास होते, तेव्हा १८ चे २५ करा की १२ करा यावर वाद घालून उपयोग नाही. प्रश्नपत्रिका मराठीत आहे म्हणतात, पण ते मराठी आमच्या पडवीवर कोणी बोलत नाही.

१६ मार्कांची माणसं विम्याच्या लायक नसतात, हे भाच्याने मला सांगू नये. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी नववीत होतो. आमच्याकडे आयुर्विमा महामंडळाचे एजंट यायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत शिकवायचे, एजन्सी बायकोच्या नावावर. हे नियमाला धरून नव्हतं हे मला आज कळतं. एजंटची परीक्षा तर तेव्हा नव्हतीच, ती आली २००० नंतर, विमा प्राधिकरण स्थापन झाल्यावर. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर पिशवीतून ३७८३ नंबरचा, म्हणजे दाव्याचा, फॉर्म घेऊन आले. ओटीवर मांडी घालून बसले आणि आईला एकेक ओळ वाचून दाखवून, थांबत थांबत, तो भरला. बाहेर पाऊस होता, कागदावर थेंब पडू नये म्हणून त्यांनी छत्री उघडून शेजारी आडवी ठेवली होती. चिपळूणच्या शाखेत ते तीन वेळा एसटीने गेले. चेक आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की शेवटचा हप्ता आमचा राहिला होता, सवलतीच्या दिवसांत त्यांनी पदरचा भरला होता. रक्कम ५० हजार होती. मोठी नव्हती. एवढी वर्षं हप्ते भरून घेताना त्यांनी जास्त रकमेचा, साधा मुदतीचा (टर्म) विमा समजावून दिला असता तर आमचं चित्र वेगळं असतं, हेही मी आता शिकलोय. तरी त्या ५० हजारांवर माझी बारावी आणि ताईचं लग्न झालं. ताई म्हणजे भाच्याची आई.

मास्तर तीस वर्षं त्याच वाडीत होते. शिमग्याला पालखी घरी आली की भेटायचे, चुकीचं विकलं असतं तर तोंड लपवायला जागा नव्हती. आता कंपनीचा माणूस वहिनीचे दीर, जावा, माहेरचे मामा असे वीसेक हप्ते गोळा करील, पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन वाटलं जाईल, आणि दुसऱ्या वर्षी ती माणसं आणि ती पॉलिसी दोन्ही अनाथ. शाखेत या पॉलिसींना ऑर्फनच म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना आली. पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार, मग ६, मग ५ हजार विद्यावेतन. शिकताना पैसे मिळतात आणि दुसऱ्या वर्षाचं विद्यावेतन चालू राहायला पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी टिकलेल्या लागतात, हे मला मनापासून आवडलं. पण अट वर्षाला २४ माणसांचा विमा उतरवायची, आणि आमच्या वाडीत घरं चाळीस, त्यातली पंधरा कुलूपबंद. मग दुसऱ्या वर्षी कुठे जायचं?

खरं तर त्या ग्रुपवर "मामाला विचारा" वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं. पुण्यातल्या शिकलेल्या पोराने मला साक्षीला काढलं म्हणून. लगेच राग आला तो त्याच्यावर की माझ्यावर, मला अजून कळलेलं नाही. कारण यादीचं पुढे काय झालं ते मी घरी कोणालाच सांगितलेलं नाही.

त्या रात्री बेसमेंटमध्ये बसून मी शंभर नावं लिहिली. भराभर सुचली. पेन थांबलं नाही. सकाळी त्या गृहस्थाने कागद वाचायला घेतला आणि एकेका नावावर रेघ मारत गेला. हा कुठे राहतो? गुहागर. ही? वेळणेश्वर. हे? धोपाव्याला, फेरीबोटीजवळ. इथे बसून मी तिथल्या माणसांना विकायचं तरी काय? शेवटी बारा नावं उरली. त्यातले चौघे मी राहायचो त्याच घरातले माझ्यासारखे भाडेकरू, बाकी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले. एका भाडेकरूला मी पॉलिसी दिली. तिची त्याला गरज नव्हती, हे मला सही घेताना कळत होतं. आठ महिन्यांत त्याने हप्ते बंद केले, आणि मी मंडळात जाणं बंद केलं. त्याला तोंड दाखवायचं नव्हतं. मास्तरांना पळायला जागा नव्हती, मला होती.

अठ्ठ्याऐंशी नावांचा तो कागद मी ठेवलाय. त्यात वहिनी सातव्या नंबरवर आहे.

आता रोज रात्री साडेनऊला, तिच्या सकाळी सातला, आम्ही एकेक धडा घेतो. ती कंपनी सोड असं मी तिला सांगितलं, तिने अजून ठरवलेलं नाही. मुलाच्या फीसाठी पैसे तिला लागणार आहेत, मला नाहीत. काल धडा संपल्यावर ती म्हणाली, "भावोजी, त्या कागदावर तुमचं नाव घातलंय हां. पण पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, वाडीचा लिही. पिनकोड तिने विचारला नाही.